पाचवीच्या आधीची टोपी

(शिवण-विणकाम गटाच्या वार्षिक मेळाव्यात गटातील एका ज्येष्ठ कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



नव्याने आलेल्या भगिनींना आपलं काम समजावून सांगा, असं मला सांगण्यात आलं आहे. वेळ अर्धा तास. मी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, तेव्हा एवढ्यात गप्प बसणं कठीण आहे. पण इथे फळा नाही आणि खडूही नाही, म्हणजे फार लांबणार नाही.

आपलं काम एका जुन्या शब्दात सांगता येतं: बाळंतविडा. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी तो आपल्या मुलीसाठी नाहीतर सुनेसाठी केला असेल. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, लाळेरी, कुंची, पायमोजे. आजी, मावशी, आत्या, शेजारची काकू, प्रत्येकीच्या हातचं काहीतरी त्यात असायचं. पहिलटकरणीच्या सातव्या-आठव्या महिन्यापासून घरात दोऱ्याची रिळं आणि मांजरपाटाचे तुकडे दिसायला लागायचे. आज बाळंतविड्याची प्रदर्शनं भरतात, मोत्यांच्या कुंच्या काचेच्या पेटीत ठेवतात. पाहायला छान असतं, मी जाते. पण आपण पाठवतो तो बाळंतविडा काचेच्या पेटीतला नाही. तो नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने घाट उतरून मोखाडा, जव्हारकडच्या पाड्यांवर जातो, आणि जिथे जातो तिथे त्याला खरंखुरं काम करावं लागतं.

मागच्या बैठकीत एका ताईंनी एक प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "बाई, घाऊक बाजारात टोपी इतकी स्वस्त मिळते. आपण दोन-दोन दिवस बसून एक विणतो. त्यापेक्षा वर्गणी काढून गठ्ठाच घेऊन पाठवला तर?" काही जणींना राग आला. मला आला नाही. प्रश्न सरळ आहे, आणि हाताने केलेल्या वस्तूत माया असते एवढंच उत्तर त्याला पुरत नाही. माया दुकानातून आणलेल्या वस्तूतही असू शकते. म्हणून आज बहुतेक वेळ मी त्या ताईंनाच उत्तर देणार आहे.

पहिलं उत्तर मापाचं. बाजारातल्या सगळ्यात लहान टोपीवर 'शून्य ते तीन महिने' असं लिहिलेलं असतं. ती टोपी तीन-साडेतीन किलोच्या बाळाच्या हिशेबाने केलेली असते. अशा बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असेल तर ते बाळ कमी वजनाचं धरतात. आपण ज्या भागासाठी शिवतो तिथे अशी बाळं पुष्कळ जन्मतात. आई स्वतःच अशक्त, पोटात असतानाही शेतावर किंवा वीटभट्टीवर काम चाललेलं, त्यात कधी दिवस पूर्ण भरत नाहीत. दोन किलोच्या बाळाचं डोकं ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतं, दीड किलोच्या बाळाचं त्याहूनही लहान. त्याला ती बाजारची टोपी घाला. ती डोळ्यांवर येते, मग नाकावर येते, मग आई ती काढून बाजूला ठेवते. म्हणजे टोपी दिली, पण बाळाचं डोकं उघडंच.

आता टोपीचं एवढं काय? नव्या भगिनींसाठी सांगते, जुन्यांनी दोन मिनिटं सहन करा.

बाळ जन्मतं ते ओलं. आईच्या पोटातून एकदम बाहेरच्या हवेत येतं. त्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही, कुडकुडून अंग तापवणं त्याला येत नाही. अंगाच्या मानाने डोकं मोठं, कातडी पातळ, कातडीखाली चरबी थोडी, आणि कमी वजनाच्या बाळाला तर ती नावालाच. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं. ते खाली घसरलं की बाळ मलूल होतं, अंगावर ओढत नाही, दूध पोटात नाही म्हणून आणखी गार पडतं. हा फेरा फार लवकर फिरतो. आपल्याला हिवाळाच आठवतो, पण पावसाळ्यातल्या ओल्या घरातही बाळ गार पडतं.

आशाताई हे कसं ओळखतात ते मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावतात, मग तळपायाला. पोट आणि पाय दोन्ही ऊबदार असले तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या छातीशी घ्यायचं. दोन्ही गार, तर धोका आहे, ऊब देत देत दवाखाना गाठायचा. घरात नातवंडं असलेल्यांनी हे आजच शिकून घ्या. पाडा असो की फ्लॅट, बाळ सारखंच.

आपल्याच राज्यात गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथल्या गावांमध्ये पहिल्या महिन्यातले बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. त्यात इंजेक्शनं होती, श्वासाची काळजी होती, स्तनपान होतं, आणि बाळाला ऊब देणं हेही होतं. टोपीने सगळं झालं असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या साखळीत ऊब ही एक कडी आहे, आणि आपल्या हातात सुई आहे. पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर ठरवून दिल्या गेल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आपल्या पिशव्या पाड्यावर जातात त्या या भेटींबरोबरच.

आता शीर्षकातली गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी एका आशाताईंबरोबर पाड्यावर गेले होते. आदल्या रात्री बाळंतपण झालं होतं, घरीच. मुलगी लहानखुरी, बाळ दोन किलोच्या आतलं. आमच्या पिशवीत आपल्याच एका भगिनीने विणलेली लोकरीची टोपी होती, पोपटी रंगाची, अगदी सुबक. बाळाची पणजी दाराशी बसली होती. तिने टोपी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, कौतुक केलं आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाली, "नवं नको, बाई. पाचवी होऊ दे."

पाचवीपर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही. ही चाल काही फक्त पाड्यावरची नाही. माझ्या आजोळीही बारशापर्यंत बाळ जुन्या धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या तुकड्यातच असायचं, आणि ते तुकडेही घरात जो माणूस दीर्घायुषी झाला त्याचे शोधून काढायचे. बाळ जन्मायच्या आधी काही शिवून ठेवायचं नाही, असंही पुष्कळ घरांत मानतात. ज्या घरांतून पूर्वी बाळं गेली आहेत तिथे हे फारच जपतात. दोन बाळं पुरलेल्या बाईला त्यावरून व्याख्यान देणं मला जमणार नाही.

पण बाळाला ऊब सगळ्यात जास्त हवी ती याच पाच दिवसांत. पाचवीनंतर आपण कितीही टोप्या दिल्या तरी हे दिवस उघडेच जातात.

आशाताई हुशार. ती त्या पणजीशी वाद घालत बसली नाही. तिने विचारलं, "आजी, तुझं जुनं लुगडं आहे का एखादं? मऊ झालेलं?" लुगडं निघालं. माझ्या पिशवीत कात्री आणि सुई-दोरा असतोच, ती सवय शाळेची. उंबऱ्याशी बसून त्या लुगड्याच्या दुहेरी तुकड्याचं टोपडं मी शिवलं. धावदोरा नुसता, शिवण बाहेरच्या बाजूला, मागे एक चुणी. वीस मिनिटंही लागली नाहीत. पणजीने ते आपल्या हाताने बाळाच्या डोक्यावर बसवलं. तिच्या लेखी ते नवं नव्हतंच, तिचंच होतं. मग आशाताईने बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून त्याच लुगड्याने दोघांना गुंडाळलं आणि गाठ मारली. पोपटी टोपी सहाव्या दिवशी चढली, असं नंतर कळलं.

तेव्हापासून आपल्या पिशवीत दोन टोप्या असतात. एक धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीची, पहिल्या दिवसासाठी. दुसरी विणलेली, पाचवीनंतरची. तुमच्या घरातल्या जुन्या सुती साड्या मी मागते त्या यासाठी. नवं मलमल कापून ते जुनं म्हणून देऊ नका. फसवणूक तर आहेच, आणि पाड्यावरच्या आज्यांना कापड बोटाने कळतं.

हे बाजारातल्या गठ्ठ्यात मिळेल का? त्या ताईंना मी एवढंच विचारते.

छातीशी बाळ ठेवण्याचं मी बोलले. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८-७९ च्या सुमाराला कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मल्याबरोबर सुरू करायला सांगते. आपल्याला यातून शिवणाचा धडा काय? बाळाची छाती आणि आईची छाती यांच्यात कापड नको. म्हणून आपलं झबलं पुढून पूर्ण उघडं हवं, बाजूला बंद बांधायचे. डोक्यातून घालायचं झबलं कितीही गोड दिसलं तरी ते अशा बाळासाठी नको. अशा वेळी बाळाच्या अंगावर टोपी, लंगोट आणि पायमोजे, बस्स.

आता मापं सांगते, पेन काढा.

क्रोशाची टोपी: चार पदरी सुती दोरा, साडेतीन मिलीमीटरची सुई. सुरुवातीच्या कड्यात १२ खांब. पुढच्या ओळीत प्रत्येकात दोन, म्हणजे २४. तिसऱ्या ओळीत एकाआड एक वाढवून ३६. इथे थांबून पट्टी लावा. ३० सेंटिमीटर डोक्यासाठी टोपीचा घेर २८ ठेवायचा, कारण विणकाम ताणतं. २८ ला तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागलं की सुमारे ९ येतात. म्हणजे माथ्याची चकती ९ सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं बंद. तुमचा हात सैल असेल तर तीन ओळींत होईल, आवळ असेल तर आणखी एक अर्धी वाढ लागेल. हात प्रत्येकीचा वेगळा, म्हणून ओळी मोजू नका, पट्टी लावा. मग न वाढवता सरळ खाली, माथ्यापासून काठापर्यंत ११-१२ सेंटिमीटर भरेपर्यंत. शेवटच्या दोन ओळी मुक्या खांबाच्या, म्हणजे काठ कपाळाला नीट धरून बसतो. तीन मापं करायची: २६, २८ आणि ३१ घेराची. काठाला आतून वेगवेगळ्या रंगाचा एक टाका घाला. २६ ला लाल, २८ ला निळा, ३१ ला हिरवा. अंधाऱ्या घरात आशाताईला चिठ्ठी वाचत बसायला नको.

जाळीचं, शंखांचं नक्षीकाम करू नका. भोकांतून ऊब जाते आणि बोटं अडकतात.

बोटांवरून आठवलं. हे मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐका. पायमोजे किंवा हातमोजे आतून उलटे करून बघायचे. आत एकही सुटा दोरा, एकही लोंबणारा फास राहता कामा नये. तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती दोरा गुंडाळला गेला तर तो आवळत जातो, बोट सुजतं, रक्त थांबतं. बाळ रडतं, पण मोज्याच्या आत काय झालं ते कुणाला दिसत नाही. शहरातल्या दवाखान्यांतही अशी बाळं येतात. म्हणून हातमोजे आपण बंद केले आहेत, आणि पायमोजे दुहेरी सुती कापडाचे, शिवण बाहेर ठेवून शिवतो. ते जरा ओबडधोबड दिसतात, दिसू देत.

तसंच गोंडे नकोत, मोती नकोत, टिकल्या नकोत, सेफ्टी पिन तर नकोच. बटणाऐवजी बंद. बंद गाठ मारण्यापुरतेच लांब, आणि मुळाशी उलटसुलट टीप मारून पक्के. झबल्याचे बंद काखेखाली, गळ्याशी नाही. लांब नाडी ओवायची नाही, मग ती कितीही जुनी पद्धत असो.

लोकरीबद्दल दोन शब्द. बाजारात आपण लोकर म्हणून घेतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. स्वस्त, रंग चांगले, धुवायला सोपी. पण ज्या घरात चूल जमिनीवर पेटते आणि बाळंतिणीजवळ शेगडी ठेवतात, तिथे ठिणगीने ती वितळते आणि कातडीला चिकटते. तान्ह्यासाठी सुती दोराच. मोठ्या मुलांच्या स्वेटरला अ‍ॅक्रिलिक चालेल.

जाड गोधडीचा मोहही आवरा. तिथे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. फोम किंवा जाड कापूस भरलेलं दुपटं एकदा ओलं झालं की आठवडाभर वाळत नाही, मग त्याला वास येतो आणि ते कोपऱ्यात पडतं. दोन पदरांचं, ९० सेंटिमीटर चौरस, जुन्या सुती साडीचं दुपटं चुलीच्या ऊबेवर रात्रीत वाळतं. पातळ दुपटी दोन द्यावीत, जाड एक देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पिशवीतून विणलेली टोपी काढूनच टाकायची. उन्हाळ्यात बाळाला गुंडाळून ठेवलं तर अंग तापतं आणि ताप आला म्हणून घरात धावाधाव होते.

रंगाचं भांडण आपल्याकडे दर वर्षी होतं. परिचारिका ताई म्हणतात फिका रंग द्या, नाळेतून रक्त आलं, मुंगी चढली, तर लगेच दिसतं. पाड्यावरच्या आया म्हणतात गडद द्या, धुरामातीत पांढरं कुठे ठेवू? मी तोडगा असा काढला आहे: आतला पदर फिका, बाहेरचा छापील. दोघीही पूर्ण खूश नाहीत, म्हणजे बरोबर असणार.

तान्ह्यांचं एवढं पुरे. आता जरा मोठी मुलं.

गेल्या वर्षी एका उत्साही भगिनीने मला मोबाइलवर क्रोशाचा ऑक्टोपस दाखवला. २०१३ साली डेन्मार्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ते विणून देण्याची चळवळ सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांत पसरली. दिसतो मोठा गोड. पण ती रुग्णालयातली गोष्ट आहे, तिथे परिचारिकेचं लक्ष असतं. घरी तान्ह्याच्या झोळीत आठ शेपट्यांचं खेळणं मी ठेवणार नाही.

खेळणी द्यायची ती बालवाडीच्या वयाला. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे आपल्याआधी कितीतरी वर्षं करून दाखवलं आहे. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, आणि शिकवायला बिया, खडे, पानं, शिंपले, म्हणजे जे मुलांच्या आजूबाजूला आहे तेच वापरायचं. तोच धडा आपल्या कापडी खेळण्यांना लागू आहे. अस्वलाचा तो गुलाबी टेडी तिथल्या मुलाच्या ओळखीचा नाही. कोंबडी ओळखीची आहे. शेळी, बैल, खेकडा, मासा, टिटवी आहे. मागच्या वर्षी आपण शिवलेल्या खेळण्यांत सगळ्यात जास्त भांडणं खेकड्यासाठी झाली. पोरांनी त्याच्या नांग्या मोजून पाहिल्या, आणि बालवाडीच्या ताईला तेवढ्यात आकडे शिकवून घेता आले.

डोळे दोऱ्याने भरायचे, बटणाचे नाहीत. भरण म्हणून शिंप्याकडच्या चिंध्या बारीक कापून. आणि खेळणं धुता आलं पाहिजे.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर. ते थोडं आपल्या विरुद्ध जाणारं आहे, म्हणून शेवटाकडे ठेवलं.

फिनलंड देशात १९३८ पासून बाळंतिणींना सरकारकडून एक पेटी मिळते. सुरुवातीला ती गरीब आयांसाठी होती, १९४९ पासून सगळ्यांना मिळू लागली. अट एकच: चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात नाव घालून तपासून घ्यायचं. पेटीत बाळाचे कपडे, पांघरूण असतं, आणि रिकामी पेटी बाळाचा पहिला बिछाना होते. मला त्यात विशेष वाटलं ते असं, की पहिल्या काळात त्या पेटीत तयार कपड्यांबरोबर नुसतं कापडही असायचं. कारण तिथल्या आया शिवणाऱ्याच होत्या. त्यांना कापड दिलं की बाकीचं त्या बघत.

पाड्यावरच्या बायकांना शिवता येत नाही, असं आपल्यातल्या कुणाला वाटत असेल तर तिने माझ्याबरोबर एकदा यावं. मी पाहिलेल्या गोधड्यांचा धावदोरा माझ्या शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीलाही जमला नसता. नाही ते कापड, दोरा, चांगली कात्री आणि दिवसाउजेडी मोकळा वेळ. म्हणून यंदापासून आपल्या पिशव्यांपैकी काही पिशव्या न शिवलेल्या जातील: कापलेलं कापड, दोऱ्याचं रीळ, दोन सुया आणि खळ काढून धुतलेला मलमलचा तुकडा. गरोदर बाईच्या आईला किंवा सासूला द्यायच्या. तिच्या हातचं शिवलेलं बाळाला कधी घालायचं ते तीच ठरवेल.

यावरून आपल्याकडे थोडी नाराजी आहे, मला ठाऊक आहे. एक जण म्हणाली, "मग आमची गरज काय?" गरज आहे. दीड किलोच्या बाळाची टोपी आयत्या वेळी कोण विणणार? आश्रमशाळेतल्या मुलांचे स्वेटर कोण पुरे करणार? पण प्रत्येक भेट आपल्याकडूनच तिकडे गेली पाहिजे, हा हट्ट मला पटत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या भाचीला मुलगी झाली. मी हे सहज बोलता बोलता पाड्यावर सांगितलं होतं. पुढच्या फेरीत त्याच पणजीने, लुगडं देणाऱ्या, माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. आत चौघडी होती. चार पदर जुन्या कापडाचे, कडेला लाल पट्टी, मधे भाताच्या लोंबीसारखे टाके. म्हणाली, "तुझ्या भाचीच्या लेकीला. जुन्याचीच आहे, आजपासून चालंल." मी घेतली. आमच्या घरात तीन नव्या रजया आलेल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतल्या. भाची रोज वापरते ती ही चौघडी, कारण ती धुतली की संध्याकाळपर्यंत वाळते.

मैत्रिणींसाठी करायच्या भेटींबद्दल बोला असंही मला सांगितलं होतं. माझ्यापाशी या चौघडीपेक्षा चांगलं उदाहरण नाही, तेव्हा तो विषय इथेच झाला असं समजा.

आता कामाचं. बाहेर टेबलावर मापाच्या चिठ्ठ्या आणि सुती दोऱ्याचे गुंडे ठेवले आहेत. ज्यांना क्रोशा येतो त्यांनी दोन-दोन गुंडे न्या, त्यातला एक २६ च्या मापासाठी. ते माप आपल्याकडे नेहमी कमी पडतं, कारण इतकी लहान टोपी विणताना हात आपोआप मोठी करत जातो. ज्यांना क्रोशा येत नाही त्यांनी साड्या फाडायला थांबा, कात्रीने कापू नका, आडवा दोरा धरून फाडा म्हणजे तुकडा सरळ निघतो. जिच्या घरी शिवणयंत्र आहे तिने बंदांचं काम घ्यावं. आणि ज्या ताईंनी तो बाजाराचा प्रश्न विचारला होता त्या आज आल्या आहेत, मी पाहिलं. त्यांनी वर्गणीचं मनावर घ्याच. दोरा आणि कात्र्या विकतच आणाव्या लागतात, आणि घाऊक भाव त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.